आयत्या पिठावर

कार्तिक महिन्यातील अखेरच्या सोमवारी आमच्या बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते. कानडीत तिला 'कडलेकाई परिषे' म्हणतात. मोठ्या बसवण्णाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना भुईमुगाच्या शेंगांच्या राशी पडतात. ओल्या, वाळलेल्या, भाजलेल्या, उकडलेल्या. कोठे दोन दाण्यांच्या ठुसठुशीत, कोठे तीन दाण्यांच्या लांबट. कर्नाटकातील खेड्यांतून, शेजारच्या तामिळनाडूतून आणि आंध्रातूनही माणसे पोती घेऊन येतात, बसवण्णापुढे मूठभर ठेवतात आणि बाकीचा माल रस्त्यावर बसून पत्र्याच्या मापाने विकतात. एरवी नाकासमोर चालणारा बसवनगुडीकर त्या दिवशी भर रस्त्यात शेंगा सोलीत हिंडतो आणि टरफले तेथेच टाकतो. वर्षातून एवढे एक असभ्य वर्तन आम्ही देवाच्या आधाराने करून घेतो.

जत्रेमागे एक कथा आहे. पूर्वी येथे सुंकेनहळ्ळी नावाचे गाव होते. तेथल्या शेतांत रात्री एक बैल शिरे आणि शेंगांचे पीक फस्त करी. एका संतापलेल्या शेतकऱ्याने त्याला सोटा हाणला, तो बैल जागच्या जागी दगड होऊन बसला. लोक भ्याले, पस्तावले. केंपेगौडाने त्या शिळेवर देऊळ उभारले आणि दरवर्षी पीक आले की पहिला वाटा बसवण्णाला देण्याचा नेम सुरू झाला.

कथा गोड आहे. अडचण एवढीच की भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक. वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला तो १४९८ साली. केंपेगौडाने बंगळूर वसविले ते १५३७ साली, असे मानतात. मधल्या ४० वर्षांत हा दाणा ब्राझीलच्या बाजूने निघून, समुद्र ओलांडून, घाट चढून सुंकेनहळ्ळीच्या शेतात रुजला आणि तेथील बैलाला त्याची चटकही लागली, असे मानावयास श्रद्धा बरीच लागेल. आपल्या देशात ह्या पिकाचा मोठा पसारा झाला तो एकोणिसाव्या शतकात. जिच्यामुळे आमच्या पेठेला पुरातनाची ऐट आली ती शेंग, अशा रीतीने, देवळापेक्षा बरीच तरुण निघते.

म्हणून जत्रा खोटी ठरते काय? मला तसे वाटत नाही. मराठीने त्या परक्या दाण्याला भुईतला मूग म्हटले, कानडीने 'नेलगडले' म्हणजे भुईतला हरभरा म्हटले; दोन्ही भाषांनी त्याला आपल्या घरातल्या धाकट्या भावाचे नाव दिले आणि पंगतीला बसविले. एखादे अन्न आपले ठरते ते त्याच्या उगमावरून खचित ठरत नाही. मग ते कशावरून ठरते, आणि एकदा ते आपले ठरले म्हणजे त्याला राखण्याचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न मात्र उरतो. गेल्या जत्रेच्या संध्याकाळपर्यंत मी ह्या प्रश्नाच्या वाटेला गेलो नव्हतो. तो प्रश्न मला घरी विचारला गेला.

ते सांगण्यापूर्वी आम्हा बंगळूरकर मराठी मंडळींच्या एका खोडीविषयी सांगितले पाहिजे. आम्ही येथे कधी आलो हे सांगताना कोणी १६३८ पासून सुरुवात करतो, कारण त्या साली आदिलशाही फौजेने हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी येथूनच तंजावरास गेले. तेथले मराठ्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. माझ्यासारखे पुष्कळजण ह्या इतिहासाशी काडीचाही संबंध नसता, आजोबांना म्हैसूर संस्थानात नोकरी लागली म्हणून येथे आलेले. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या शहराची दाटी मोडण्यासाठी बसवनगुडी आखली गेली, आणि पुढे केव्हातरी साताऱ्याकडून आलेल्या आमच्या आजोबांनी तेथे एक कौलारू घर घेतले. तथापि बोलावयास लागलो की आम्ही सगळेच व्यंकोजीराजांच्या पालखीमागून आल्यासारखे बोलतो. आणि आमच्या अभिमानाची जागा, नीट पाहिले तर, तलवार नसून ताट असते. वांग्याला कानडीत 'बदनेकाई' म्हणतात, तरी बंगळूरचा माणूस 'वांगीभात'च म्हणतो. खाराभात, केसरीभात, बिसिबेळेभात ह्या सगळ्या नावांत आमचाच भात शिजतो आहे. लग्नाच्या पानावरची चिरोटी आमची, कोसंबरी ही आमची कोशिंबीर. तंजावरच्या सरस्वती महालात सरफोजीराजांच्या पाकशाळेतील कृतींचे 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत लिहिलेले आहे, हे आम्ही पाहुण्याला आवर्जून सांगतो.

आणि सांबाराची कथा तर सांगतोच सांगतो. तंजावरच्या राजवाड्यात संभाजी महाराजांच्या पाहुणचाराची तयारी चालली होती. आमटीला लागणारे कोकणातले आमसूल संपले होते. कोणी सुचविले की येथली चिंच घालून पाहावी. ती आमटी पाहुण्याला आवडली आणि त्याच्याच नावाने 'सांबार' झाली. इतिहासाच्या कसोटीला ही कथा उतरत नाही. मी स्वतः ती किती पाहुण्यांना सांगितली असेल ह्याची गणती नाही. मात्र एक गोष्ट अलीकडेच माझ्या ध्यानात आली. त्या कथेत राजा आहे, पाहुणा आहे, चिंच आणि आमसूलही आहे. चुलीपुढे बसून ती आमटी ज्याने किंवा जिने केली त्या माणसाला कथेत नाव नाही.

गेल्या जत्रेच्या संध्याकाळी आमच्याकडे चार मंडळी जमली होती. बाहेर शेंगांचा सुवास, आत कॉफी. बोलता बोलता कोणी मेतकुटाची आठवण काढली. आमच्या आईचे मेतकूट आप्तेष्टांत नावाजलेले होते. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, थोडे गहू, मेथी, धने, जिरे, मोहरी, सुंठ, हळद, हिंग. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावयाचा, कारण प्रत्येकाचा विस्तव निराळा. आणि मग जात्यावर अगदी वस्त्रगाळ दळावयाचे. कानडी घरांतही हा पदार्थ 'मेंत्यद हिट्टु' म्हणून होतो, पण आमचे ते आमचे, अशी आमची समजूत. आई १९९६ साली गेली. त्यानंतर पत्नी दरवर्षी ते करीत आली. ह्या वर्षी तिने केले नाही. हात दुखतात, भाजताना उभे राहवत नाही, असे ती म्हणाली होती. मी पाहुण्यांसमोर सुस्कारा टाकून म्हणालो, "आता आमच्या घरचे मेतकूट संपले म्हणावयाचे. शंभर वर्षांचा वारसा, पण राखावयाला कोणी नाही."

पत्नी कपबशा उचलीत होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, मेतकुटाला डाळ किती आणि तांदूळ किती, सांगा पाहू."

मला सांगता आले नाही. वर मी जिन्नसांची यादी दिली ती त्या रात्री, ती निजल्यावर, आईच्या वहीतून पाहून.

मंडळी हसली, विषय बदलला. पाहुणे गेल्यावर मात्र तिने आणखी एक वाक्य म्हटले, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. "तुमच्या आईंचे मेतकूट मी एवढी वर्षे केले. माझ्या आईची कुळथाची पिठी ह्या घरात किती वेळा झाली?"

ती १९७८ साली लग्न होऊन गुहागरकडून येथे आली. समुद्राच्या काठचे घर. आमसुलाचे सार, नारळाचा रस, फणसाची सांदणे, आंबोळ्या, आणि पावसाळ्यात रोज रात्री कुळथाची पिठी व भात. आल्यावर पहिल्याच पावसात तिने पिठी केली होती, हे मला आठवले. आईने ताटाकडे पाहून म्हटले होते, "कुळीथ म्हणजे हुरळीच की. आमच्याकडे हुरळी घोड्यांना घालतात." आई दुष्ट नव्हती. म्हैसूर संस्थानात तो घोड्यांचा दाणा होता हे खरेच, आणि तिने ते थट्टेने म्हटले. मीही हसलो असेन. ती पिठी पुन्हा ताटात आली नाही. आमसुलाची जागा चिंचेने घेतली. तंजावरच्या कथेत घेतली तशीच, फक्त येथे पुढे कोणी त्या आमटीला नाव दिले नाही. म्हणजे ज्या काळात आमच्या घरात एक वारसा कौतुकाने राखला जात होता त्याच काळात, त्याच चुलीवर, त्याच दोन हातांनी दुसरा एक वारसा विझत होता. आणि माझा सुस्कारा पहिल्यासाठीच होता.

ही माझ्या घरापुरती गोष्ट असती तर ती येथे सांगण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु अन्नाच्या वारशाची जगातील जी सर्वांत गाजलेली कहाणी आहे तिच्यातही नेमकी हीच गाठ आहे. कहाणी भूमध्य समुद्राच्या काठची. अॅन्सेल कीज नावाचा एक अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांनी नेपल्सला गेला. अमेरिकेतील सुखवस्तू माणसे ऐन उमेदीत हृदयविकाराने मरत असता नेपल्समधील गरीब कामकऱ्यांत तो रोग फारसा दिसत नाही, ह्याचे त्याला नवल वाटले. त्यातून पुढे १९५८ साली सात देशांत आहार आणि हृदयविकार ह्यांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या, फळे, ऑलिव्हचे तेल, थोडे मासे, क्वचित मांस: ह्या जेवणाची कीर्ती जगभर झाली. कीज स्वतः दक्षिण इटलीत चिलेंतोच्या किनाऱ्यावर पिओप्पी ह्या कोळ्यांच्या खेड्यात घर करून राहिला आणि २००४ साली, शंभरी गाठून, वारला. २०१० साली युनेस्कोने ह्या आहारपद्धतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्को ह्या चार देशांच्या नावे. २०१३ साली सायप्रस, क्रोएशिया आणि पोर्तुगाल त्यांत आले. (इटलीच्या ताटाचा प्राण असलेला टोमॅटोही आमच्या शेंगेप्रमाणे अमेरिकेतूनच आलेला. परंतु उगमाचा मुद्दा मी वर सोडून दिला आहे.)

ह्या कहाणीचा आरंभीचा एक अध्याय सहसा सांगितला जात नाही. कीज नावारूपाला येण्याच्या आधी, १९४८ साली, रॉकफेलर फाउंडेशनने क्रीट बेटावरील लोकांची कसून पाहणी केली. युद्धाने गांजलेले बेट. लोक खात होते ते धान्य, कडधान्ये, ऑलिव्ह, रानातला पाला, फळे. मांस-दूध अगदी थोडे. जगाने पुढे ज्याला आदर्श म्हटले ते हेच जेवण. पाहणी करणाऱ्यांनी त्या लोकांना विचारले, तुम्ही आपल्या जेवणावर समाधानी आहात काय? बहुतेकांचे उत्तर नकारार्थी होते. अधिक काय हवे, असे विचारता त्यांनी मांसाचे नाव घेतले. ती माणसे वारसा जोपासत नव्हती. जे मिळत होते ते खात होती, आणि त्यातून सुटण्याची वाट पाहत होती. चिलेंतोतूनही कितीएक माणसे अमेरिकेला निघून गेली, ती काही घरच्या जेवणाचा वीट आला म्हणून नव्हे. पोट भरेना म्हणून गेली.

आता न्यायाने बोलावयाचे तर, गरिबीने शिकविलेले सगळेच टाकाऊ असते असे नव्हे. रानातल्या शंभर पाल्यांतून खाण्याजोगे कोणते हे ओळखणारी क्रीटमधली म्हातारी मोठी विद्यावंत आहे, आणि तिची विद्या तिच्याबरोबर जावी ह्यात कोणाचेच भले नाही. युनेस्कोच्या कागदांतही ह्या वारशाची राखण करणाऱ्या म्हणून स्त्रियांचा गौरवाने उल्लेख आहे. परंतु गौरवाचा तो उल्लेख वाचताना मला माझा सुस्कारा आठवतो. ज्यांची ती अडचण होती, ज्यांचे ते श्रम होते, त्यांना त्याचे नाव 'अडचण' आणि 'श्रम' असेच ठाऊक होते. 'वारसा' हे नाव, बहुधा, ताटापाशी बसलेल्याने दिले. आमच्या बंगळूरात आज नाचणीची आंबील बाटलीत भरून आरोग्यपेय म्हणून विकली जाते आणि हॉटेलांत रागीमुद्दे कौतुकाने मागवितात. ज्या शेतमजुराच्या घरी दोन्ही वेळा मुद्देच असे आणि सणाला काय तो भात दिसे, त्याने उद्या रागी सोडून भात धरला तर त्याला परंपरेचा द्रोही म्हणण्याचा अधिकार त्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकाला कोठून आला?

रागीवरून कनकदासांची आठवण होते. सोळाव्या शतकातील ह्या कानडी संतकवीने 'रामधान्यचरिते' नावाचे एक लहानसे काव्य रचले. त्यात तांदूळ आणि रागी ह्यांचे भांडण लागते: श्रेष्ठ कोण? तांदूळ देवाब्राह्मणांच्या ताटातला, रागी कष्टकऱ्यांची. प्रकरण रामचंद्रापुढे जाते. राम दोघांनाही सहा महिने बंदीत ठेवतो. मुदत संपल्यावर पाहतात तो तांदूळ नासलेला आणि रागी जशीच्या तशी. गरिबाच्या धान्याचा एवढा मोठा मान दुसऱ्या कोणी केला असेल असे मला वाटत नाही. पण तो मान कोणत्या जातीचा आहे हे पाहण्यासारखे आहे. कनकदास 'आमची जुनी रागी किती रुचकर' असा गहिवर काढीत नाहीत. ते रागीला दरबारात उभी करतात आणि तिला तिच्या तोंडाने बोलू देतात. गौरव करणे आणि न्याय देणे ह्यांत अंतर आहे. आमच्या आईने हुरळीला घोड्यांचा दाणा म्हटले त्या दिवशी आमच्या ताटात असा एक खटला उभा राहिला होता, आणि मी, ज्याने कनकदासांवर दोनदा भाषण केले आहे, तो हसून मोकळा झालो.

ह्यावर दुसऱ्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते मी रात्रीच्या रात्री मनात बोलून पाहिले आहे. करणाऱ्याला सोडावयाचा हक्क आहे असे म्हटले, की सगळेच सोडतील. आपल्या प्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला ही भीती नाही. त्याच्या घरी मेतकूट झाले नाही तर शेजारी होईल. आम्हा बाहेर राहणाऱ्यांचे तसे नाही. माझ्या नातीची शाळा इंग्रजीत, खेळ कानडीत. तिच्या मराठीत जी थोडी नामे शाबूत आहेत त्यांतली बरीचशी स्वयंपाकघरातली: उकड, वाटण, सारण, घावन, साय. 'फोडणी' मात्र गेली. तिला ती 'ओग्गरणे' म्हणते. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरांतही हेच दिसते. पोथी गेली, लिपी गेली, पण देवघरात आणि चुलीपाशी भाषा धुगधुगत राहिली. तेव्हा चूल विझली तर केवळ एक चूर्ण विझत नाही, एका शब्दाबरोबर दुसरा, असे घरातले मराठीच विझत जाते. ही हानी खरी आहे. 'ज्याला जमेल त्याने करावे, नाहीतर सोडावे' असे म्हणून ती खांद्यावरून झटकून टाकता येत नाही. माझा सुस्कारा दांभिक होता, पण निराधार नव्हता.

म्हणजे कर्तव्य आहे. मग ते कोणाचे?

आपल्या शास्त्रकारांनी माणूस जन्मतःच ऋणी असतो असे मानले: देवांचा, ऋषींचा, पितरांचा. वारशाकडे संपत्ती म्हणून न पाहता ऋण म्हणून पाहावयाचे, ही त्यांची दृष्टी मला फार मोलाची वाटते. संपत्तीवर बसून राहता येते, ऋण फेडावे लागते. आईच्या हातचे मेतकूट मी पन्नास वर्षे खाल्ले. ऋण झाले ते मला. पत्नीने तिच्या हातचे खाल्ले ते सून म्हणून, करता करता, उरलेले. आणि फेडीत राहिली ती! धनको माझी आई, ऋणको मी, आणि हप्ते भरणारी परक्या घरून आलेली मुलगी. व्यवहारात अशी गोष्ट उघडकीस आली तर तिला काय म्हणतील? कोणी म्हणेल, धर्मकृत्यांतही प्रतिनिधी चालतो. चालतो, पण त्याला दक्षिणा द्यावी लागते, आणि तो दमला तर 'वारसा बुडाला' म्हणून त्याच्याकडे बोट दाखविता येत नाही. त्यापेक्षा गांधीबाजारातल्या दुकानातून पैसे मोजून मेतकुटाची पुडी आणणारा मनुष्य अधिक सरळ.

"तिने ते प्रेमाने केले," हे उत्तर माझ्याही ओठांवर आले होते. केले असेलही. प्रेमाने दिलेल्या वस्तूसारखी दुसरी वस्तू नाही. परंतु प्रेमाने दिलेले घ्यावयाचे असते, मागावयाचे नसते. मिळाले नाही म्हणून चारचौघांत गाऱ्हाणे केले की मागे वळून त्या सगळ्या वर्षांच्या दानाला वेठीची कळा येते. माझ्या एका वाक्याने मी तिच्याकडून पुढे काही मिळविले नाहीच, मागे मिळाले होते तेही हिणकस केले. ह्याचे मला जितके वाईट वाटले तितके मेतकुटाचे वाटले नव्हते.

'आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे' असा आपल्याकडे एक वाक्प्रचार आहे. संस्कृती ह्या विषयावर बोलणाऱ्या आम्हा पुरुषांसाठी तो कोणी मुद्दाम घडविला असावा. पीठ दुसऱ्याने दळलेले, आणि आम्ही त्यावर बोटाने वंशवृक्ष काढीत बसलेले. शहाजीराजे, व्यंकोजीराजे, सरफोजीराजे. एका जात्याचा खुंटा मी आयुष्यात धरलेला नाही. आईचे जाते परसात पावसात पडले आहे, त्याच्या पाळ्यांवर तुळशीची कुंडी ठेवली आहे, आणि ती मीच ठेवली.

जत्रा संपल्यानंतरच्या सोमवारी रस्त्यावरची टरफले झाडून नेली होती. मी गांधीबाजारात जाऊन दोन किलो हुरळी आणली. मेतकुटापासून आरंभ का केला नाही, असे वाचक विचारतील. थकबाकी आधी कोणाची, हे त्या संध्याकाळी ठरून गेले होते. पत्नीने पिशवीत डोकावून पाहिले आणि ती काही बोलली नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. कुळीथ निवडावे लागतात, त्यांत मातीचे त्याच रंगाचे खडे असतात, हे मला तेव्हा कळले. दोन किलो निवडण्यास सकाळ गेली. भाजताना पहिला घाणा करपला. "विस्तव बारीक करा," ती म्हणाली, "वास यायला लागला की उशीर झालेला असतो." दुसरा घाणा तिने चिमटीत धरून, दाताखाली फोडून पाहिला आणि मान हलविली. भरडून, साले पाखडून (पाखडणे मला साधले नाही, ते तिनेच केले) मी डबा घेऊन पिठाच्या गिरणीवर गेलो. गिरणीला कानडीतही गिरणीच म्हणतात. गिरणीवाल्याने विचारले, "हुरळीचे पीठ? कशाला?" मी सांगितले. तो म्हणाला, त्याच्या खेड्यात हुरळीचे सार करतात, ह्या पेठेत मात्र पीठ दळून न्यावयास कोणी आणीत नाही.

गुहागरहून तिच्या भाच्याने आमसुले पाठविली होती. रात्री पिठी झाली. फोडणी मी दिली, पाण्यात पीठ कालवून ओतले, आणि त्याच्या गुठळ्या झाल्या. तिने त्या डावाने मोडल्या. नात ताटापाशी येऊन म्हणाली, "आजी, हे काय?" आजीने नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो डब्यावर एक चिठ्ठी चिकटविलेली होती. नातीला देवनागरी जेमतेम येते, म्हणून शब्द मराठी आणि अक्षरे कानडी: 'कुळथाचं पीठ'. शेजारी दुसरा रिकामा डबा धुऊन पालथा घातला आहे. मेथी आणून ठेवली आहे. डाळ किती आणि तांदूळ किती, ते मी वहीतून एका कागदावर उतरवून घेतले आहे.